नऊ नंबरचा हिरवा झगा

"जाडी वाटून खाते, बाई. सगळं एकट्या पोटाला देत नाही," असं शिंपीमास्तरांनी तिला तीन आठवड्यांपूर्वी सांगितलं होतं, आणि ती हसली होती. शिवणखोलीच्या दारात, कडेवर पोर, खांद्यावर लंगोटांची पिशवी, एक पाय चपलेत आणि एक बाहेर, अशा अवस्थेत माणूस कुणाचं काय ऐकणार? मास्तर कानावर खडू खोचून उभे होते. गळ्यात टेप, हातात ती लांबोडकी वही, जिच्यात तिच्या आईची मापं दर पंधरा दिवसांनी उतरवली जायची. "खांदा पाऊण इंच उतरलाय. दंड दीड इंच. आणि घेर तीन इंच वर. चाळीस वर्षं माणसं मापतोय मी. असं होत नाही. एकदा दाखवून घ्या त्यांना." त्यावर ती म्हणाली होती, "मास्तर, तुम्ही कापडाचे डॉक्टर. आईला मी डाएटवर ठेवलंय. हात-तोंड आधी उतरतं, पोट शेवटी. सगळीकडे लिहिलंय तसं." मास्तरांनी वही मिटली. "लिहिलं असेल," ते म्हणाले. "मी मापलंय." पोरीने तेवढ्यात त्यांच्या कानावरचा खडू ओढला, सगळे हसले, आणि ते वाक्य त्या हसण्याखाली गेलं ते आजपर्यंत वर आलं नव्हतं.

आज मात्र कुणाला कशाची आठवण होण्याची फुरसतच नव्हती. सकाळचे साडेदहा. दुकानाच्या मागच्या कपडे बदलायच्या खोलीत ती, आई आणि खुंटीवर ओळीने टांगलेले नऊ झगे. बाहेर खुर्च्या सरकत होत्या. बायकांचा आवाज वाढत होता, कुणीतरी माइकवर फुंकर मारत होतं. अकरा वाजता आई बाहेर जाऊन एका हातभर उंच चौथऱ्यावर उभी राहणार होती. चौसष्ट वर्षांची आई, पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं टंकलेखनयंत्रामागे बसलेली आई. आणि पन्नास-साठ अनोळखी बायका तिच्याकडे बघणार होत्या, तिच्या पोटाकडे बघणार होत्या आणि म्हणणार होत्या की असा झगा आम्हालाही हवा. तिच्या स्वतःच्याच छातीत असं काही धडधडत होतं की जणू शाळेच्या स्नेहसंमेलनात पोरीला पहिल्यांदा रंगमंचावर ढकलायचं आहे. पोर घरी नवऱ्याकडे होती. त्याचा निरोप आला होता: 'बशी फोडली. ती रडली नाही. मी थोडा रडलो.' एरवी तिने ताबडतोब फोन करून काचेचे तुकडे मोजायला लावले असते. आज तिने फक्त अंगठा पाठवला आणि आईच्या मानेवरची गुंडी सोडायला वळली.

ही सगळी गंमत सुरू झाली ती आईच्या भांडणातून. पाच महिन्यांपूर्वी आई याच दुकानात एक झगा घ्यायला आली होती, याच खोलीत तिने आठ झगे चढवले, आठ उतरवले, आणि नववा हातात तसाच घेऊन ती तरातरा गल्ल्यापाशी गेली. काचेतल्या पुतळीकडे बोट दाखवून म्हणाली, "ही कोण? हिला पोट नाही, पाठ नाही, हिला दोन बाळंतपणं झालेली नाहीत, हिने कधी खुर्चीत बसून नोकरी केलेली नाही. हिच्या मापाचे कपडे हिलाच विका." ती स्वतः तेव्हा पोरीला घेऊन दारात उभी होती आणि लाजेने अर्धी झाली होती. मालकीणबाई, स्वतः काडीपैलवान, चष्मा डोक्यावर सरकवून आईकडे खालपासून वरपर्यंत बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग तुम्ही उभ्या राहाल का हिच्या जागी? काचेत नाही, मागे शिवणखोलीत. मास्तर तुमच्या अंगावर कापड टाकतील, तिथेच कापतील. साठीच्या बायकांसाठी नऊ नमुने काढायचेत, आणि माझ्याकडे अंग नाही." अंग नाही! आईला आयुष्यात कुणी अंग मागितलं नव्हतं. सगळ्यांनी तिला ते आवरायलाच सांगितलं होतं.

आईची एक सवय होती. दोन बोटांनी पोटावरचं कापड चिमटीत धरायचं, पुढे ओढायचं आणि सोडून द्यायचं. बोलताना, भाजी निवडताना, बसची वाट बघताना. ओढायचं, सोडायचं. तिला लहानपणी वाटायचं की सगळ्याच आया असं करतात, जसं सगळ्याच आया दार लावल्यावर एकदा ढकलून बघतात. घरातल्या फोटोंच्या वहीत आईचं पोट कुठेच नव्हतं. एका फोटोत पुढे पर्स होती, एका फोटोत उशी, एकात भाचा, एकात कुणाच्या तरी लग्नातली फुलांची परडी. वडील गेले त्या वर्षीच्या एकुलत्या एका फोटोत तर आई दाराच्या आड अर्धी उभी होती. नात झाल्यावर आईला कायमची ढाल मिळाली. "आण तिला इकडे, फोटो काढताय ना," म्हणून ती पोरीला पोटापुढे धरायची. पोर वाढत गेली, पाय लोंबायला लागले, ढाल आखूड पडायला लागली.

आणि मग मास्तरांनी आईला शहाणी केली. शिवणखोलीत मधोमध एक स्टूल होतं, त्यावर आई उभी राहायची आणि मास्तर तोंडात टाचण्या धरून तिच्याभोवती फिरायचे, देवळाभोवती फिरावं तसे. "पोट झाकायचंय ना? मग पोटाकडे बघू नका. खांद्याकडे बघा. कापड लटकतं ते खांद्यावरून. खांदा बरोबर बसला की खाली आपोआप सुटतं." आई हे सगळं घरी घेऊन यायची आणि चहाबरोबर वाटायची. पट्टा कधीही पोटाच्या मध्यावर बांधू नये, ते म्हणजे तिथे पाटी लावण्यासारखं. बांधायचंच तर छातीच्या खाली, जिथे अंग अजून आपलं ऐकतं. चिकटणारं कापड नको, आणि फुगणारंही नको. हातावर टाकलं की पाण्यासारखं ओघळेल असं हवं. गळा पुढे टोकदार, म्हणजे नजर वर राहते. उभी रेघ एकच, पण ठसठशीत. दोन्ही बाजूंना गडद पट्ट्या. "आणि बाही मनगटाच्या चार बोटं वर थांबवायची," आई रस्त्याने चालताना पुढच्या बाईकडे बघून कुजबुजायची. "मनगट कधी जाड होत नाही गं. सगळ्या बायांकडे एवढी एक गोष्ट बारीक असते आणि त्या तीच झाकून फिरतात. सांगू का तिला जाऊन?" "आई, गप्प चल." "तू म्हणजे ना, हवालदार आहेस नुसती." आई तिला हवालदार म्हणायची, कारण तिची सगळ्यावर नजर असे. म्हणजे तिला तसं वाटत असे. पोरीचं दर आठवड्याचं वजन भिंतीवरच्या कागदावर होतं, पोरीने किती चमचे खाल्ले, किती वेळा शी केली आणि कोणत्या रंगाची, हे सगळं एका वहीत होतं. पोर झोपली की ती तिच्या नाकापुढे बोट धरून श्वास बघत असे. एवढी नजर होती, पण ती सगळी खाली, दोन फुटांच्या उंचीवर लागलेली.

"नववा आधी घालून बघते," आई म्हणाली. नववा बाटलीच्या हिरव्या रंगाचा होता, तिरप्या ओळीत लाकडी बटणं, गळा टोकदार, बाही मनगटाच्या चार बोटं वर. सगळ्यात शेवटी कापलेला, तीन आठवड्यांपूर्वी, त्या वहीतल्या मापांच्याच दिवशी. मास्तरांनी तेव्हा मालकीणबाईंना विचारलंही होतं की अंग बदललंय, जुन्या मापाने कापू की आजच्या, आणि मालकीणबाई म्हणाल्या होत्या, "आजच्या. बायका वाढतातच. खरी बाई हवीय ना आपल्याला?" आईने तो अंगात घातला आणि आरशाकडे वळली, आणि ती एक पाऊल मागेच सरकली. काय बसला होता तो! खांद्यावर सुरकुती नाही, पोटावर ताण नाही, हिरवं कापड छातीखालून सुटून गुडघ्यापर्यंत एका दमात उतरलेलं. आई उंच दिसत होती. आई कुणीतरी दिसत होती. मालकीणबाईंनी पडद्यातून डोकं घातलं, "अगं बाई!" म्हणाल्या, आणि डोकं तसंच ठेवून बाहेरच्या कुणाला तरी ओरडल्या, "खुर्च्या अजून टाका!" आईने आरशात बघत मान डावीकडे केली, उजवीकडे केली. तिची दोन बोटं सवयीने पोटापाशी गेली आणि तिथेच घुटमळली. ओढायला काही नव्हतंच. "बघ," आई म्हणाली, "हात बेकार झाले माझे."

मग दुसऱ्या नंबरचा. सुरुवात त्यानेच करायची होती. राखाडी, बाजूला गडद पट्ट्या, पाच महिन्यांपूर्वी आईच्या अंगावरच टाकून कापलेला, त्या पहिल्या आठवड्यात, जेव्हा आई रोज घरी येऊन सांगायची की आज स्टुलावर दोन तास उभी राहिले आणि एकदाही लाजले नाही. ती मागे उभी राहून बाजूची चेन वर ओढू लागली. चेन कमरेपर्यंत आली आणि थांबली. तिने कापड दोन्ही बाजूंनी जवळ आणलं. मध्ये चार बोटं अंतर. "श्वास आत घे." आईने घेतला. अंतर चार बोटंच राहिलं. आणि त्याच क्षणी, वर, डाव्या खांद्यावरून तोच झगा घसरला आणि दंडावर येऊन लोंबला.

ती नुसती बघत राहिली. बाहेर माइकवर कुणीतरी एक, दोन, तीन म्हणत होतं. एकच झगा होता आणि तो एकाच वेळी लहानही होत होता आणि मोठाही. तिने वर सरकवलेला खांदा पुन्हा घसरला. हातांनी काहीतरी करायला हवं म्हणून तिने खुंटीवरचा हिरवा नववा काढला आणि आईच्या पाठीवर, राखाडीवर, खांद्याला खांदा लावून धरला. हिरव्याचा खांदा आत होता, बोटाच्या एका पेराएवढा. आणि खाली, पोटापाशी, हिरवा दोन्ही बाजूंनी बाहेर येत होता. दोन आया होत्या त्या, पाच महिन्यांच्या अंतराने कापलेल्या. मास्तरांचं वाक्य आता वर आलं, हसू न घेता, नुसतं वाक्य. जाडी वाटून खाते. मग हे कोण खात होतं?

"आई, जरा इकडे बघ," ती म्हणाली आणि तिने हात ठेवला. कितीतरी वर्षांत तिने आईच्या पोटावर हात ठेवला नव्हता. लहानपणी ते तिची उशी होतं. दुपारी आई आडवी झाली की ती त्यावर डोकं टाकून पुस्तक वाचायची, आतून गुडगुड ऐकू यायची, आई हसली की पुस्तक हलायचं. मऊ, गरम, हात खोल रुतणारं पोट. आता तिचा हात खोल गेला नाही. कापडाखाली ते ताणलेलं होतं, बेंबीच्या डाव्या अंगाला जास्तच, आणि आतून कुणीतरी मूठ दाबून धरावी तसं टणक. तिला आठवलं ते स्वतःचं पोट, आठव्या महिन्यातलं.

"फुगलंय जरा," आई म्हणाली. "जेवल्यावर होतं."

"आज जेवलीस कुठे तू?"

"अर्धी पोळी खाल्ली की."

"काल?"

आई म्हणाली, "भरतं गं पोट. दोन घासांत भरतं. तूच म्हणालीस ना कमी खा." ती म्हणाली होतीच. फ्रिजवर तिने कागद लावला होता, रंगीत पेनांनी, सकाळ-दुपार-संध्याकाळ अशा चौकटी करून, आणि आईने ताटात उरवलं की ती तिथे एक तारा काढायची, जसा पोरीने ताट संपवलं की काढायची. पोरीला संपवल्याचा, आईला उरवल्याचा. चेहरा उतरला तेव्हा शेजारीण म्हणाली होती, "किती छान बारीक झाल्यात हो आई," आणि ती फुशारकीने म्हणाली होती, "मी लक्ष ठेवते ना!"

"किती दिवस झाले?"

"ओरडू नकोस. बाहेर बायका आहेत."

"ओरडत नाहीये मी. किती दिवस?"

"दोन महिने असतील," आई म्हणाली. "अडीच. मला वाटलं, कळलं तर मास्तर दुसरी बाई बघतील. स्टुलावरून उतरवतील मला." ती अर्ध्या लागलेल्या झग्यात उभी होती, एक खांदा उघडा, आणि आरशात मुलीकडे बघत होती. "हे बघ, हवालदार. तू मला आत्ता इथून नेणार, रिक्षात घालणार, मला माहीत आहे. ने. पण अर्धा तास दे. चौसष्ट वर्षं मी पर्समागे उभी आहे. एकदा पुढे उभी राहू दे, मग तू नेशील तिथे येते. सुई टोचा, काय वाटेल ते करा."

तिला आयुष्यात असा निर्णय कधी घ्यावा लागला नव्हता. पोरीला कणकण आली तरी ती ताप मोजायच्या आधी डॉक्टरांना फोन करणारी. तिने फोन काढला. कपडे बदलायच्या खोलीत, पडद्याच्या कडेला उभं राहून, तिने स्वतःच्याच बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला, आणि एका दमात मापं सांगितली. खांदा पाऊण इंच कमी, दंड दीड इंच कमी, घेर तीन इंच जास्त, पाच महिन्यांत, भूक नाही, हाताला टणक लागतंय, डावीकडे. पलीकडून त्यांनी विचारलं, "मापं कुणी घेतली?" "शिंप्याने." "शिंप्याला माझा नमस्कार सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एक वाजता घेऊन या. उपाशीपोटी आणा." "अर्ध्या तासाने काही बिघडेल का?" "अर्ध्या तासाने नाही. अर्ध्या महिन्याने बिघडेल."

तिने पडदा सारला आणि मास्तरांना हाक मारली. मास्तर आले, आईकडे बघितलं, मग उघड्या चेनकडे, मग तिच्याकडे. 'मी म्हटलं होतं' असं म्हणाले असते तर तिला बरं वाटलं असतं. कात्रीने त्यांनी बाजूची शिलाई सर्रकन उसवली आणि आतली घडी उलगडली. आत दीड इंच कापड दडपून ठेवलं होतं, दोन्ही बाजूंना. "एवढं जास्त कशाला ठेवलंत, मास्तर?" आईने विचारलं. "बायकांच्या कपड्यात ठेवावंच लागतं," ते टाचण्यांमधून म्हणाले. "कोण कधी काय लपवील सांगता येत नाही." आई खुदकन हसली, टाचणी टोचली, "आई गं" म्हणाली, पुन्हा हसली. चार मिनिटांत कच्चे टाके. खांद्यावर आतून दोन चुण्या. राखाडी झगा पुन्हा बसला आणि अकरा वाजले.

पुढचा अर्धा तास तिला सलग कधीच आठवला नाही. तुकडे आठवतात. आई पडद्याबाहेर गेली ते पर्स न घेता. चौथऱ्याची एकच पायरी, पण आई ती अशी चढली की पहिल्या रांगेतल्या बाईने उगाचच हात पुढे केला. मालकीणबाई माइकवर सांगत होत्या की ही आमची पुतळी, हिच्या अंगावर हे कपडे जन्मले. आणि आईने मध्येच माइक घेतला! माइक घेतला आणि म्हणाली, "पुतळी कसली, मला पोट आहे. आधी ते बघून घ्या, म्हणजे मग तुम्हाला माझं बाकीचं बघता येईल." एवढ्या टाळ्या! एक म्हातारी तर खुर्चीवरून उठून शिट्टी वाजवायचा प्रयत्न करत होती आणि नुसती हवा येत होती. आई वळली, बाजू दाखवली, मनगट वर धरून सांगितलं की हे बघा, हे झाकू नका. आत आली, मास्तरांनी तोवर उसवून टाचलेला तिसरा, बाहेर गेली. आत आली, चौथा. दर वेळी आत आली की तिचा चेहरा घामाने चमकलेला, डोळे पोरीसारखे, आणि दर वेळी ती आईच्या उघड्या पाठीवर मणके मोजत होती. एक एक मणका दिसत होता, हे तिला आजवर दिसलं नव्हतं, आणि तरी बाहेरची टाळी कानावर आली की तिच्याही अंगावर सरसरून काटा येत होता, आनंदाचाच. भीती आणि आनंद एकाच नळातून येत होते. शेवटी हिरवा. हिरव्याला बायका उठून उभ्या राहिल्या. एक वाजायला पाच मिनिटं कमी असताना आई तोच हिरवा झगा घालून दवाखान्याच्या तपासणीच्या पलंगावर आडवी झाली आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "बटणं सांभाळून काढा, लाकडी आहेत."

ती गाठ होती. डाव्या बीजकोशावर, लहान कलिंगडाएवढी, आणि भोवती पाणी. नवव्या दिवशी काढली. ज्या तपासणीच्या कागदाची वाट बघत ती, नवरा आणि मांडीवरची पोर दवाखान्याच्या बाकावर बसून होते, त्या कागदावर लिहिलेलं होतं ते वाईट होतं, पण सर्वात वाईट नव्हतं. गाठीने अजून घर सोडलं नव्हतं. "अजून दोन-तीन महिने झाकलं गेलं असतं तर मी वेगळं बोलले असते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि झाकलं चांगलंच होतं हो. मी यांना त्या झग्यात रस्त्यात बघितलं असतं तर म्हटलं असतं, काय छान दिसताहेत." आता औषधं चालू आहेत, आईचे केस गेले, आई म्हणते की गळा टोकदार असला की टकलावरही नजर जात नाही. फ्रिजवरचा कागद तिने फाडला. त्या जागी नवा लावलाय, त्यावर आईने खाल्लं की तारा. पोर स्वतः तारे काढते, ते बटाट्यासारखे दिसतात.

गोष्ट इथे संपली असती. पण गेल्या आठवड्यात मास्तर घरी आले. टेप गळ्यात, वही हातात. आईची नवी मापं घ्यायला, तीही स्वतःहून, कारण नमुने पुन्हा काढायचं ठरलंय आणि स्टूल रिकामंच ठेवलंय. माप घेऊन झालं, तरी ते उठेनात. चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "बाई, तो नऊ नंबर." "काय झालं?" "तीस नग कापले होते आपण. आईंच्या त्या दिवसाच्या मापाने." ती अजून समजली नव्हती. मास्तर सावकाश म्हणाले, जसं टेप सावकाश गुंडाळावा तसं. बाकीचे आठ नमुने धडाधड गेले. नऊ नंबर सगळ्यांनी हौसेने अंगात घातला, कारण आईंच्या अंगावर तो बघितला होता, आणि कुणालाच तो बसेना. ज्यांच्या पोटाला झाला त्यांच्या खांद्यात अडकला. ज्यांच्या खांद्याला झाला त्यांच्या पोटावर तंबू झाला. मालकीणबाई वैतागल्या. पंचवीस तसेच पडून आहेत. पाच विकले गेले. दोघी बदलून न्यायला आल्या. "आणि तीन?" "तीन परत आले नाहीत," मास्तर म्हणाले. "म्हणजे तीन जणींना तो बसला."

स्वयंपाकघरात पोर चमचा आपटत होती. आई, डोक्याला रुमाल बांधलेली, बशी हातात धरून थांबली. त्यांनी तिघांनी मिळून आठवून पाहिलं. गल्ल्यावर नावं लिहून घेत नाहीत. एक बाई पांढऱ्या चपलांची होती, असं मालकीणबाईंना वाटतं. एक म्हणे आरशासमोर रडलीच, की आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझ्या मापाचं मिळालं. मास्तर म्हणतात, घाबरायचं कारण नाही. खांदे जन्मतः अरुंद असतात कुणाचे, पोट नुसतं पोटही असतं. असेल. तसंच असू दे. दुकानाच्या दारावर कागद लावलाय, पण घेऊन गेलेली बाई दारावरचा कागद वाचायला पुन्हा कशाला येईल? म्हणून ती आता रस्त्याने चालते ती नजर वर उचलून, मोठ्या बायकांच्या उंचीवर. बसथांब्यांवर, भाजीच्या दुकानांत, वाचनालयाच्या जिन्यावर हिरवं काही दिसलं की पोरीला कडेवर घेऊन धावत सुटते. दोनदा चुकीच्या बाईला थांबवलं. एकदा तो पडदा निघाला.

तिच्या एकटीच्या धावण्याने हे व्हायचं नाही. तेव्हा तुम्हीच बघा. बाटलीचा हिरवा, तिरप्या ओळीत सहा लाकडी बटणं, बाही मनगटाच्या चार बोटं वर. आत डाव्या शिलाईवर मास्तरांनी पांढऱ्या दोऱ्याने नऊचा आकडा काढलाय. तुमची आई असेल, सासू असेल, वरच्या मजल्यावरची मावशी असेल, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई असतील. तो त्यांना नुसता होत नसेल, अंगावर ओतल्यासारखा बसला असेल, तर आत जा, दार लोटून घ्या, आणि विचारा की जुने कपडे खांद्यावरून उतरतात का, दोन घासांत पोट भरतं का, किती दिवस झाले. त्या म्हणतील काही नाही गं, जेवल्यावर फुगतं. तेव्हा हात ठेवून बघा. पण हे सगळं नंतर. झगा त्यांना शोभत असणारच, आणि तसं त्यांना आजवर कुणी म्हटलं नसेल. आधी ते सांगा.